वंदनाताईनं कापलेली जट

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमचं सलून नुकतंच उघडत होतं. सुट्टी घेऊन ती रहिमतपूरला माहेरी निघाली होती. कराडच्या स्टँडवर एसटी बदलताना छातीत कळ आली, बाकावर बसली ती उठलीच नाही. सांगलीतल्या आमच्या ब्रँचमधली ती सगळ्यांत जुनी स्टायलिस्ट. आम्ही मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागलो, आणि त्या रडण्यातच कुणीतरी हळूच म्हणालं, "तिनं ती जट कापली होती ना गं..." मी ताडकन मागं वळले. कोण बोललं ते कळलं नाही. बोलली एकजण असली तरी मनात सगळ्यांच्याच आलं होतं. माझ्यासुद्धा. ह्याचाच राग मला आजही जास्त येतो.

ताई मूळची साताऱ्याच्या ब्रँचची. आमची कंपनी मोठी. गावोगाव एकसारखी दुकानं, एकसारखे काळे एप्रन, आणि गिऱ्हाइकाशी बोलायची वाक्यंही एकसारखी. ती वाक्यं ताईनं कधी पाठ केली नाहीत. "मॅडम, आज आपण काय करणार आहोत?" असं म्हणायच्या जागी ती सरळ विचारायची, "हे असं कुणी केलं गं डोक्याचं?" गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वेळी तिचंच नाव घेत यायचं. मला कात्री धरायला तिनंच शिकवलं. हात चुकला की सगळ्यांदेखत बोलायची, "शुभे, केस कापतीस का शेपू निवडतीस?" आणि जेवायच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्याकडं सरकवायची. थोरला भाऊ हृदयविकारानं असाच अचानक गेलेला, तरी बीपीची गोळी घ्यायला मात्र कायम विसरायची. आम्ही ओरडलो की उलट आमचीच थट्टा.

दोन वर्षांपूर्वी कमल आली. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लेक इथं कॉलेजला होती, तिनंच आईला जवळजवळ ओढत आणलं होतं. डोक्यावरून पदर घट्ट आवळलेला. लेकीनं तो सरकवला आणि शेजारच्या खुर्चीतली बाई उठून उभीच राहिली. कमरेपर्यंत जट... हळदीनं माखलेली, मनगटाएवढी जाड. जट म्हणजे आमच्याकडं नुसता केसांचा गुंता नव्हे, ती देवीची मानतात. विंचरायची नाही, कापायची तर नाहीच. कापली तर कुणाच्या तरी जिवावर बेततं म्हणतात. ते ओझं वागवून कमलची मान एका अंगाला कलली होती. मॅनेजर ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "हे आपल्या सर्व्हिसमध्ये बसत नाही." ताई म्हणाली, "डोक्यावर केसच आहेत ना सर? मग बसतंय."

कमल खुर्चीत बसली खरी, पण कात्री दिसताच तिनं दोन्ही हातांनी जट धरून ठेवली. "ताई, घरातलं कोन तरी जातंय म्हणत्यात. माझी पोरगी हाय वो..." दुसरी कुणी असती तर तिला समजावत बसली असती. ताई वाकून म्हणाली, "कापणार मी हाय न्हवं? मग काय यायचं ते माझ्यावर येऊ दे. तू हात काढ." कमलनं हात काढले. जट गेल्यावर ती किती वेळ मान इकडून तिकडं वळवून बघत होती, आणि बघता बघता रडायला लागली. ताईचं ते एक वाक्य मला मात्र आता सलतं. भ्यालेल्या बाईला धीर द्यायला बोलली, आणि लोकांच्या हातात आयतं कोलीत देऊन गेली.

ताई वारल्यावर तिची खिडकीजवळची खुर्ची रिकामीच राहायला लागली. तिथं एसीचा गार वारा लागतो, असं मुली म्हणायच्या. गेल्या आठवड्यात दार उघडून कमल आत आली. एकटी. डोक्यावरून पदर तसाच आवळलेला. "ताईंची खुर्ची कंची?" तिनं विचारलं आणि जाऊन बसली. पदर सरकवला तर मानेजवळ केस पुन्हा चिकटायला लागलेले, वर हळद. ताईची बातमी कळल्यापासून सासूनं डोक्याला फणी लावू दिली नव्हती.

"बाई माझ्यापायी गेली," कमल म्हणाली. "सासू म्हणती, देवीनं एक जीव न्हेला, आता तुझ्या पोरीवर येतंय. परत जट धर."

मी बीपीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, ताईच्या भावाचं सांगितलं. ती मान हलवत होती. मग आरशातून माझ्याकडं बघून म्हणाली, "समदं खरं आसंल. मग तुमी कापा. आन् ताईंवानी म्हणा, माझ्यावर येऊ दे."

घरी माझं लेकरू आहे. ह्यात काही नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी शब्द फुटेना. सगळ्या मुली हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," कमल म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आनि कुनाच्या जिवावर नको आता. कात्री द्या हिकडं."

मी दिली. तिनं मानेमागं हात नेऊन तो गुंता मुठीत धरला आणि कात्री दाबत राहिली. शेवटी गुंता तुटून तिच्या मांडीवर पडला. तो तिनं उचलला नाही, त्याच्याकडं नुसती बघत राहिली.

"सासूला काय सांगशील?" मी विचारलं.

"म्यां कापली म्हणीन. पोरीवर न्हाई, काय यायचं ते माझ्यावर येऊ दे."

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "अर्धं माझ्यावर," मी म्हणाले, आणि तिच्या हातातून कात्री घेऊन वाकडीतिकडी झालेली कड सरळ करायला लागले.

तेव्हापासून मी ताईच्याच खुर्चीवर काम करते. भीती नाही वाटत का, असं परवा एकीनं विचारलं. वाटते. ताईलाही त्या दिवशी वाटली असणार.