चौदा नंबरचा हुक

अंबरनाथ माझ्या घरापासून एक स्टेशन. पण विनूभाऊजी गेल्याची बातमी मला कळली ती मेलबर्नहून. सकाळचा चहा गाळत होते, तर तुमच्या आईचा फोन. "आई, काका गेले गं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी गाळणं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "कळलं." इतक्या लांबच्या मुलीला माझ्या आधी कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मला पडला तो दुसराच. ही एवढी रडते कशाला? तुमचे आजोबा गेले तेव्हाही ती अशी हुंदके देऊन रडली नव्हती.

ईशान, रेवा, त्याला आता सहा आठवडे झाले. विनूभाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. पेपरच्या पुरवणीत छापून आलं की कात्रण तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल, कारण तुम्हाला अजून एवढं मराठी वाचता येत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. रीत मला मान्य आहे, खोटं बोलणं नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते : विनूभाऊजींचं इंग्रजी भिकार होतं.

हे मी अधिकाराने म्हणते. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या वह्या कव्हर घातलेल्या, समास आखलेले, लाल पेन वेगळं, हिरवं वेगळं. भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्लेली. आणि हा गृहस्थ पहिली पाळी संपवून, साबणाने हात धुऊन, स्कूटरवर बसून उल्हासनगरात जायचा आणि लोकांना इंग्रजी व्याकरण शिकवायचा! एका बॅगांच्या कारखान्याच्या माळ्यावर क्लास. खाली शिलाई मशीनं खडखडायची, वर पंचवीस-तीस जण ओरडायचे, "गो, वेंट, गॉन." पाढे म्हणावेत तसे. दुकानांवर बसणारी सिंधी मुलं, जीन्स शिवणाऱ्या बायका, नर्सिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुली. मी म्हणायचे, आंधळ्याने आंधळ्यांना रस्ता ओलांडून द्यायचा, तोही स्टेशनबाहेरचा.

त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, होता तो एक बोर्ड. कारखान्याच्या गेटवर पूर्वी असा लाकडी बोर्ड असे. त्यावर ओळीने हुक, प्रत्येक हुकाला नंबर. कामगाराने आत येताना आपलं पत्र्याचं गोल टोकन आपल्या हुकावर टांगायचं, म्हणजे हजेरी लागली. पुढे यंत्रावर हजेरी सुरू झाली आणि बोर्ड भंगारात निघाला. भाऊजींनी तो उचलून आणला. वरच्या ओळींत शब्दांची टोकनं, खालच्या ओळींत मुलांच्या नावांची. शब्द पत्र्यावर ठोकून उठवलेले, सगळे मोठ्या अक्षरांत, म्हणजे साधा 'इज'सुद्धा ओरडतोय असं वाटायचं. क्रियापदाला लाल रंग, मदतनीस क्रियापदाला पिवळा. वाक्य म्हणजे यांच्या लेखी टोकनं टांगण्याचं काम!

मी त्या क्लासात एकदाच गेले होते. दसऱ्याला. तुमच्या आजोबांनी फार आग्रह धरला म्हणून. कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा करतात, तशी भाऊजींनी बोर्डाची मांडली होती. व्याकरणाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ! समोर नारळ. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून बसले. पूजा झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी आल्यायत, एक पॅसिव्ह होऊन जाऊ दे." आणि छडी न घेता, खडू न घेता उभे राहिले. "सेठने माल भेजा. अब क्या? सेठ पीछे, माल आगे. बीच में पिवळा टोकन. और सेठ को आखरी में बिठाने का, बाय लगाके." सगळा वर्ग खिदळला. कर्मणि प्रयोगाची एवढी बाजारू व्याख्या मी जन्मात ऐकली नव्हती. पूर्ण वर्तमानकाळ काय, तर काम संपलंय पण हात अजून तेलकट आहेत. तुलना शिकवायला भिंतीवर नट आवळायचे तीन पाने टांगलेले : बिग, बिगर, बिगेस्ट. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी इज स्ट्रिक्टर दॅन द फोरमन." पुन्हा खिदळणं. वाक्य बरोबर होतं, त्यामुळे मला दुरुस्त करायलाही काही नव्हतं.

एक जीन्स शिवणारी बाई उठली, तिने टोकनं टांगली आणि साफ चुकली. भाऊजींनी चुकीचं टोकन हुकावरून काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "परत टांग." तिने परत टांगलं, परत चुकली. यांनी परत तिच्या हातात दिलं. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, चुकलं म्हणून सांगा ना! बरोबर काय ते सांगा!" तर म्हणतात, "वहिनी, चुकीच्या हुकाला टोकन लागलं म्हणून गेटवरून कुणाला घरी नाही पाठवत. परत टांगायला लावतात." चौथ्या वेळेला तिचं बरोबर आलं. चार वेळा! तेवढ्या वेळात मी अख्खा धडा संपवला असता.

माझ्या घरी अशी गबाळी पद्धत नव्हती. आम्ही तेव्हा अंबरनाथलाच राहायचो, भाऊजी दोन गल्ल्या पलीकडे. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे इंग्रजीतच बोलायचं असा नियम होता. तुमची आई एक वाक्य सुरू करायची, मी दुरुस्त करायचे, की ती वरण ओढून घ्यायची आणि खाली मान घालून जेवायची. मी कौतुकाने सांगायचे, आमची स्मिता जेवताना अगदी शांत असते. नववीत तिच्या इंग्रजीच्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, तोंडी परीक्षेत ती उभी राहते आणि बोलतच नाही. एक अक्षर नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईची मुलगी आणि मुकी! त्या रविवारी भाऊजी जेवायला आले होते. भातावर कढी घेता घेता म्हणाले, "वहिनी, आठवड्यातून दोन दिवस पाठवा की पोरीला माझ्याकडे." मी म्हटलं, "माझी मुलगी पत्र्याचे तुकडे टांगत बसणार नाही, भाऊजी. तिला इंग्रजी शिकायचंय, फिटर व्हायचं नाही." ते हसले आणि कढी मागून घेतली.

मी नियम आणखी कडक केले. सकाळी उठल्यावर अर्धा तास काळांचा सराव, शाळेतून आल्यावर वाक्यांची रूपांतरं. आणि दहावीत काय झालं! मुलगी बोलायला लागली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत इंग्रजीत पहिली आली. मी शेजारीपाजारी पेढे वाटले. भाऊजींना दोन दिले. ते म्हणाले, "वहिनी, तुमची मेहनत." मी म्हटलं, "पद्धत, भाऊजी. पद्धत असावी लागते." त्यांनी दोन्ही पेढे खाल्ले.

त्यानंतरची सगळी वर्षं रविवारी ते जेवायला येत राहिले. तुमचे आजोबा गेल्यावर मी एक स्टेशन पुढे, कात्रपला फ्लॅट घेतला, तर तिथेही. येताना उल्हासनगरहून सिंधी पापडाचं पाकीट आणायचे. दार उघडताच, "वहिनी, आय हॅव कम यस्टरडे ऑल्सो, बट यू वॉज नॉट देअर." मी एका वाक्यातल्या दोन चुका बोटांवर मोजून दाखवायचे. "करेक्ट!" म्हणायचे आणि चपला काढायचे. पाहुण्यांसमोर मी त्यांच्या क्लासची नक्कल करायचे, सेठ पीछे माल आगे. ती सगळ्यांना आवडायची. त्यांनाही, असं मला वाटायचं.

ते गेल्यावर दुसऱ्या रविवारी क्लासात शोकसभा झाली. मी जाणार नव्हते, पण जवळचं असं मीच उरले होते. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. दारात फ्लेक्स लावलेला, त्यावरच्या चार ओळींच्या इंग्रजीत पाच चुका. कुणी पुढारी आले होते, त्यांनी "सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ" असं सांगितलं आणि दोनदा नाव चुकवलं. मग टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, नातवंडं झालेली माणसं उभी राहिली आणि दोन मिनिटं शांतता पाळायच्या ऐवजी एका सुरात म्हणायला लागली, "गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन." काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाली मशीनं बंद ठेवली होती. मी भिंतीकडे बघत बसले. बोर्डावर हजेरीची टोकनं तशीच होती. जुन्या मुलांची टोकनं त्यांनी कधी काढलीच नव्हती. चौदा नंबरच्या हुकावर 'स्मिता' होतं. मनात म्हटलं, स्मिता काय, ढिगाने असतात.

तेवढ्यात एक गृहस्थ माझ्यासमोर वाकले. हरेश त्यांचं नाव, उल्हासनगरच्याच बाजारात बॅगांचं दुकान आहे. "आंटी, आप स्मिता की मम्मी ना? मी पंधरा नंबर. ती माझ्या बाजूला टांगायची. आधी तीन महिने तो मुँहही नहीं खोला! सिर्फ टोकन लगाती थी. फिर एक दिन पूरा पॅसिव्ह बोल दिया, तो सरने सबको आइसक्रीम खिलाया." मी म्हटलं, "तुमची काहीतरी गल्लत होते आहे." ते म्हणाले, "गल्लत कशी? सर गेले त्या दिवशी मीच तिला मेसेज टाकला ना, ग्रुपवर. आपली बॅच आहे..."

घरी येऊन मी तुमच्या आईला फोन केला. तिकडे किती वाजले असतील हेही पाहिलं नाही. "तू त्या क्लासला जात होतीस?"

"हो. मंगळवार-शुक्रवार. तुला सांगायचे की मैत्रिणीकडे गणिताला जाते. काका स्कूटरवर न्यायचे."

"घरात मी असताना?"

ती म्हणाली, "आई, मी तोंड उघडलं की पहिल्या शब्दाला तू थांबवायचीस. दुसऱ्या शब्दापर्यंत मी कधी पोचलेच नाही. तिथे पोचले."

"आणि भाऊजींनी मला पेढ्यांच्या वेळीसुद्धा..."

"मीच शपथ घातली होती. तुला वाईट वाटलं असतं." मग म्हणाली, "ईशान रविवारी फोनवर का येत नाही, माहितीय तुला?"

"मॅच असते ना त्याची."

"नसते, आई."

ईशान, आठवतं मला. दिवाळीत तू म्हणालास, "आजी, मी आज शाळा गेला." मी म्हटलं, "शाळेत गेलो. परत म्हण." तू परत म्हणालास, मी परत अडवलं. मग तू रेवाच्या हातात फोन दिलास आणि त्यानंतर मी तुला पाहिलं नाही. रेवा येते, कारण ती बोलत नाही, चित्रं दाखवते. मी तुझ्या आईला म्हणत होते, मुलगा फार खेळात रमलाय.

त्या रात्री मी भाऊजींवर चांगली चिडले. एवढी वर्षं माझी नक्कल ऐकून घेतली, माझ्या हातची कढी खाल्ली, एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, तर हा माणूस पापड आणत राहिला. हा कसला चांगुलपणा? त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि कदाचित काही शिकले असते. इतकी वर्षं माझ्यासमोर ज्यांनी ज्यांनी तोंड मिटलं, त्यांची मोजदाद मी बसल्या बसल्या करायला लागले, आणि अर्ध्यातच सोडून दिली.

माळा कारखानेवाल्यांना परत हवा होता, म्हणून हरेश बोर्ड टेम्पोत घालून कात्रपला घेऊन आले. मी दारातच म्हटलं, ही अडगळ मला नको. ते म्हणाले, "आंटी, फिर भंगार में जाएगा." भिंतीला खिळे त्यांनीच ठोकले. माझ्या दिवाणखान्यात तो भयंकर दिसतो. सोबत एक डबा होता, तळाशी कोरी टोकनं. मी टेबलाशी बसले, मार्कर घेतला आणि नीट, ओळीत, देवनागरीत लिहिलं : मी, आज, शाळेत, आंबा, आजीने, गेलो, खाल्ला, खाल्लो. चुकीचे शब्दही लिहिले. तेवढं मला दसऱ्याच्या त्या दिवशीचं आठवत होतं.

परवाच्या रविवारी मी तुमच्या आईला म्हटलं, ईशानला बोलव, बोलायचं काही नाही, फक्त बघायचंय. तू आलास, पण अर्धाच, पडद्यावर नुसता कान दिसेल असा. मी फोन बोर्डाकडे वळवला. तू म्हणालास, "हे काय आहे?" मी एकेक टोकन वाचून दाखवलं आणि म्हटलं, सांग, कुठल्या हुकावर काय टांगू? तू सांगत गेलास, मी टांगत गेले. "मी. आंबा. खाल्लो." माझी जीभ दातांपर्यंत आली होती. चाळीस वर्षांची सवय आहे, ती काही सहा आठवड्यांत जात नाही. मी शेवटचं टोकन हुकावरून काढलं. तुझ्या तळहातावर ठेवता येत नव्हतं, म्हणून माझ्याच हातात धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. खालच्या ओळीत चौदा नंबरला तुझ्या आईचं टोकन होतं, ते मी हलवलेलं नाही.

"परत टांगूया?" मी विचारलं.

तू डोकं खाजवलंस. तुझी आई मागून काही सांगायला लागली, तर तू तिला हाताने अडवलंस आणि म्हणालास, "थांब आजी, मी सांगतो."

मी थांबले.