नामदेवच्या आठ फेऱ्या

टेस्ट फेल झाली आणि ठेकेदाराने नामदेवला रोलरवरून खाली उतरवलं.

जामखेडजवळ पुलाच्या भरावाचं काम होतं. भराव थराथराने चढतो. एक थर टाकायचा, रोलरच्या आठ फेऱ्या मारून दाबायचा, मी टेस्ट घ्यायची. पास झाला तरच पुढचा. नामदेव रोलरवर, मी साइट लॅबमध्ये हेल्पर. शिकले चौथी, पण वाळूची टेस्ट माझ्याच हाताची.

टेस्ट सोपी आहे. दाबलेल्या थरात खड्डा घ्यायचा, निघालेली माती तोलायची. मग त्याच खड्ड्यात कोरडी वाळू सोडायची. किती वाळू गेली त्यावरून खड्डा केवढा ते कळतं. खड्डा मोठा आणि माती कमी, म्हणजे थर पोकळ. थर पंच्याण्णव टक्के तरी दबलेला लागतो. माझे एक्क्याण्णव आले.

"फेऱ्या चोरल्या ह्यानं," ठेकेदार म्हणाला. "थर उकरा. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर."

"आठ मारल्यात मावशी. लेकरांची आन," नामदेव म्हणाला.

"आन घेऊन माती दबत न्हाई," मी म्हणाले.

जेसीबी थराकडे वळला. मी सामान आवरत होते, तेव्हा आठवलं. वाळू सोडताना पायाखाली जमीन थरथरत होती. दहा पावलांवर नामदेवचाच रोलर शेजारची पट्टी दाबत होता. ज्वारी मोजताना माप आपटलं की मूठभर जास्त मावते. वाळूचंही तेच. खड्ड्यात जास्त वाळू बसली, खड्डा मोठा वाटला. टेस्टच्या वेळी रोलर बंद ठेवायचा, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. मुरमाचे हायवा ट्रक खोळंबले होते, म्हणून मी घाई केली.

थर उकरला असता तर नामदेवच्या फेऱ्या कशानेही सिद्ध झाल्या नसत्या. मी जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"थांबव. टेस्ट चुकली. चूक माझी हाय."

लॅबचे इंजिनिअर साहेब जवळ आले. "मघाशी फेल, आता चूक? ठेकेदारानं चहा पाजला वाटतं."

"दोन खड्डे घेते. जागा तुमी दावा. सगळ्या मशिनी बंद."

"परत फेल झाली तर?"

"तर ह्याच्यासंगं मलाबी घालवा."

साहेबांनी टाचेने दोन खुणा केल्या. एक मुद्दाम कडेला, जिथे रोलर नीट पोचत नाही. वाळू सोडली. नामदेव पाठ करून उभा होता.

पहिला शहाण्णव. कडेचा पंच्याण्णवला जेमतेम टेकला.

"आधी सांगायचं ना मावशी," ठेकेदार म्हणाला.

"आधी कळलं असतं तर सांगितलं असतं."

नामदेव परत रोलरवर चढला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. रजिस्टरमधली फेलची नोंद मी खोडू दिली नाही. खाली लिहिलं, रोलर चालू होता, चूक माझी.

चूक कळली की थर उकरायच्या आत बोलावी. नंतर कबूल करून कुणाचं काम परत येत नाही.