शेख मॅडम आणि न सापडणारी चावी

शेख मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहा, असा निरोप आल्यापासून मला स्वस्थता नाही. तशी ती मला कधीच नव्हती. नव्वदचं दशक सरताना संगमनेरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबचा हंगामी सहायक म्हणून लागलो. मॅडम विभागप्रमुख होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी खुर्ची उचलून दुसरीकडे दिली. "तुम्ही बसतच नाही, मग अडचण कशाला?" म्हणाल्या. मला राग आला, पण खरं होतं.

त्यांच्या शिस्तीबद्दल पुष्कळजण लिहितील. मला एक शनिवार आठवतो. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बारा मशिनवर सीडीवरून लिनक्सची नवी पॅकेजेस टाकायची होती. प्रत्येक पॅकेजवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, मधे कुणी फेरफार केला नाही हे तिच्यावरून कळतं. ती तपासायला त्याची चावी, म्हणजे एक छोटी फाईल, मशिनमध्ये असावी लागते. आमची मशिनं सकाळपासून एकच रडगाणं गात होती, की चावी नाही. सोमवारी लॅब सुरू झाली नाही तर तुमची मुदत वाढणार नाही, असं प्राचार्यांनी मला बजावलं होतं. घर माझ्या पगारावर चालत होतं.

"मॅडम, तपासनीच बंद करू अन् टाकून देऊ. लई येळ गेला."

"नाही."

"मंग सीडीवरच चावी हाय, ती घालू."

"तुमच्या गावी, कोल्हारला, मुलगी देताना मुलाची चौकशी मुलाकडेच करतात का?"

त्या मला घेऊन एसटीडी बूथवर गेल्या. पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे तीच चावी आधीपासून होती. त्यांनी फोनवर तिची खूण वाचली, चाळीस अंक-अक्षरं. मी लिहून घेतली. लॅबमध्ये ताडून पाहिली तर जुळेना. मी हाय खाल्ली. मॅडमनी माझा कागद पाहिला; घाईत मी मधली चार अक्षरं गाळली होती. त्या भर उन्हात पुन्हा बूथवर निघाल्या. या खेपेस खूण जुळली, सीडीवरची चावी खरी ठरली, आणि ती घालताच सह्या पटू लागल्या.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तपासायच्या आधीच किती मशिनवर टाकलंत?"

"एका," मी खाली मान घालून म्हणालो.

"पुसा. पुन्हा टाका."

रविवारी कॉलेज बंद, त्यामुळे त्या पुसापुशीत सोमवारी लॅब तासभर उशिरा सुरू झाली. प्राचार्य तापले. मॅडम म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे झाला. यांना ठेवा." त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली, पुढे कायमही झाली. हे उपकार मी विसरलेलो नाही.

पण एक राहून गेलंय. मॅडम, मी एका नाही, दोन मशिनवर टाकलं होतं. दुसरं मी पुसलंच नाही. सीडी खरी निघाली, काही बिघडलं नाही. पण टाकताना ते मला ठाऊक नव्हतं.

आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपण शंभरी पाहावी. हे वाचल्यावर फोन करा आणि मनसोक्त रागवा. मी उभाच आहे.