नकाशात नसलेली खोली

शिंदखेड्याजवळच्या एका गावात खुशनुमा मॅडम चौथीचा वर्ग शिकवत होत्या. मूळच्या जळगावच्या, मेहरूणमधल्या. वडील अन्वर गाद्या भरायचे. त्यांच्या लांबलेल्या आजारपणात मॅडमचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे वडीलही गेले. मग पुन्हा कुणी विषय काढला नाही. नोकरी या गावात लागली, तेव्हा त्यांनी रुपचंदभाऊंच्या गोठ्यामागची खोली भाड्याने घेतली. शाळा सुटली की त्या थेट खोलीवर यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. परक्या गावात, त्यातून एकटी बाई, आपण आपल्या पायरीने राहावं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मॅडमला माणसं नको असतात, असं गावाने धरलं होतं. रमजानमधला रोजा त्या एकट्याच सोडायच्या, मोबाईलवर अजान लावून.

पुस्तकात नकाशाचा धडा आला. त्यात चौक होते, सिग्नल होते, बाग होती. पोरांनी सिग्नल कधी पाहिलाच नव्हता. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, चला, आपल्याच गावाचा नकाशा करू.

मग रोज दुपारी वर्ग गल्लीत भरू लागला. सूर्याकडे बघून दिशा ठरवायची, पावलांनी गल्ली मापायची. एरवी वर्गात तोंड न उघडणारी किरण हातपंपाजवळच्या वळणावरून ललितशी भांडली, आणि तीच बरोबर निघाली. पुना आबांनी ओट्यावरून उठून जुनी पायवाट दाखवली. शेवटी मुख्याध्यापक हिलाल सरांनी रंग आणून दिला आणि शाळेच्या भिंतीवर अख्खं गाव उतरलं. बायका डोक्यावरचं सरपण खाली ठेवून आपलं घर शोधू लागल्या. सापडलं की त्यावर बोट ठेवून हसायच्या.

गर्दी पांगल्यावर मॅडमही भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पाण्याची टाकी, बेबाबाईचं घर, त्याला लागून रुपचंदभाऊंचा गोठा, गोठ्याच्या दारात म्हैस. गोठ्यामागे मोकळी जागा आणि लगेच शेत.

"इथे काही राहिलंय का गं?" त्यांनी किरणला विचारलं.

किरणने नीट पाहिलं. "नही मॅडम. बठ्ठा घरे काढात आम्ही, एक बी ऱ्हायनं नही."

"या गोठ्यामागे?"

"तठे ते तुम्ही ऱ्हातस," ती सहज म्हणाली. "पन तुमनं घर ते जळगावले शे ना?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मॅडमना या गावात येऊन तीन वर्षं झाली होती. मॅडम बरं म्हणाल्या आणि ब्रश धुवायला घेऊन गेल्या.

त्या शनिवारी त्या मेहरूणला गेल्या. भाऊ तनवीर, भावजय, दोघांनी प्रेमानेच विचारपूस केली. पूर्वी त्या झोपायच्या त्या कोपऱ्यात आता शिलाई मशीन होतं. भावजयीने हॉलमध्ये गादी घातली आणि उशीला नवा अभ्रा चढवला. पाहुण्यांना घालतात तसा. कुणाचं काही चुकलं नव्हतं, म्हणून बोलायलाही जागा नव्हती. दर वेळी रविवारी संध्याकाळपर्यंत थांबायच्या, या वेळी दुपारच्याच एसटीने निघाल्या.

सोमवारी त्यांनी पोरांना सांगितलं, घरं काढून झाली, आता घरातल्या माणसांशी बोलायचं. प्रत्येकाने एका घरी जायचं, विचारायचं, ऐकायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. पोरांनी घरं वाटून घेतली. बेबाबाईचं घर मॅडमनी स्वतःकडे ठेवलं.

शेजारची बेबाबाई एकटीच असायची. दारात शेंगा फोडत बसली होती. मॅडमना पाहून तिने सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "तीन वरीस व्हई गयात पोरी, नी तू आज उनी."

मॅडमच्या ओठावर आलं होतं, तुम्हीही कधी हाक मारली नाहीत. ते त्यांनी गिळलं आणि सूप जवळ ओढून घेतलं. विचारायचे प्रश्न राहूनच गेले. दोघी अंधार पडेपर्यंत शेंगा फोडत बसल्या.

आता त्या बऱ्याच संध्याकाळी तिथे जातात. बेबाबाईची अहिराणी त्यांना अर्धीमुर्धी कळते, आणि कळलं नाही तरी त्या मान हलवतात. बेबाबाई लवकर आडवी होते. मग खुशनुमा उठतात, तिचं दार ओढून घेतात आणि खोलीवर येऊन एकटीपुरती खिचडी टाकतात.