रशीदची बाटली, हवालदाराची गाडी

मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा रशीद आवारात बसून हवालदाराच्या मोटारसायकलचा कार्बोरेटर साफ करत होता. आत त्याच्यावरच गांजाची केस करायचं चाललं होतं. आमच्या भागात मेकॅनिकला कोणी रिकामं बसू देत नाही.

रशीद बाभुळगावचा, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. त्याला टॉरेट सिंड्रोम आहे. मान आपोआप झटकते, घशातून भुंकल्यासारखा आवाज निघतो. माणूस मात्र पूर्ण शुद्धीवर असतो. नेहमीच्या गोळ्यांनी त्याला दिवसभर झोप यायची. त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी आलेली, दुकानापुढे पंपांची रांग. झोपून भागणार नव्हतं. मी आयुर्वेदाची डॉक्टर. यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून मी त्याला विजयाचं औषध सुरू केलं. विजया म्हणजे भांगेचं पान. गांजा हा त्याच झाडाचा फुलोरा, त्याला बंदी आहे. पानाचं परवानाधारक औषध वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. जादू वगैरे झाली नाही, पण झटके कमी झाले आणि दुकान चालू राहिलं. त्या दिवशी नाक्यावरच्या झडतीत नेमकी तीच बाटली सापडली.

ठाणेदारांनी आवारात येऊन माझी चिठ्ठी वाचली, बाटलीवरचा परवाना पाहिला.

"कागद ठीक आहे मॅडम. पण बिमारी कुठं आहे? कवाचा पाहून राह्यलो, एक झटका आला नाही त्याले."

माझं डोकंच फिरलं. "काम करताना झटके दबतात, साहेब. शिंक दाबावी तसे. खात्री करायची तर यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावा. बाटली मिळाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

रशीदनं पाना खाली ठेवला. "राहू द्या मॅडम. पाहू द्या त्याइले."

तो नुसता बसून राहिला. आधी मान झटकली, मग खांदा आणि हात, मग घशातला आवाज. इतका वेळ दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. एक शिपाई हसला. ठाणेदारांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गप्प झाला. मला रडू येत होतं, तरी मी नजर वळवली नाही.

"बाटली द्या त्याची," ठाणेदार म्हणाले.

हवालदारानं बाटली आणून दिली आणि हळूच विचारलं, "अन् माही गाडी?"

"हात आता थांबून नाही राह्यले, भाऊ," रशीद झटक्यांमधून म्हणाला. "बिमारी पाहाची होती न तुमाले? गाडी ढकलत आणजा दुकानात."

तेव्हापासून त्याच्या चिठ्ठीवर औषधाखाली मी एक ओळ जास्त लिहिते : काम करताना हा रुग्ण धडधाकट दिसतो, आजार खोटा समजू नये.