मीटिंगला गेलेली माणसं

शेजारीण माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती आणि तिचा नवरा फोन उचलत नव्हता. मी एवढंच सांगितलं होतं, "युवर हजबंड, माय सन, बोथ मीटिंग. दोहा." ती मुळातच गोरी, आणखी पांढरी पडली.

"मामा, मीटिंग? व्हाय?"

ती रशियाची. त्यांच्याकडे मामा म्हणजे आई, म्हणून मी तिची मामा. तिचा नवरा आणि माझा मुलगा एकाच कंपनीत, वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामावर. कतारमध्ये, दोह्याजवळच्या मेसईदला आमची घरं शेजारी शेजारी.

तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "नो टेन्शन. बिग मीटिंग. ऑल पीपल."

ती रडायलाच लागली. "पोलीस?"

"पोलीस कशाला? टी, बिस्किट."

मग ती उठली. मूठ वर करून ओट्यापासून दारापर्यंत चालली, घोषणा दिल्यासारखं तोंड हलवलं. बेड्या घातल्यासारखी दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरली. "माय ब्रदर. मीटिंग." आणि स्वतःच्या दातांवर बुक्की मारून दाखवली.

"अगं, हा तर मोर्चा," मी मराठीतच म्हणाले.

म्हणजे रशियात मीटिंग म्हणजे मोर्चा! मला नवल वाटलं. इंग्रजांचा शब्द यांच्याकडे जाऊन रस्त्यावर उतरला. मग वाटलं, नवल कसलं? आपण चहा-भज्यांच्या दुकानाला हॉटेल म्हणतो, तिथे झोपायला कोण जातं?

पण तिची भीती खोटी नव्हती. इथे परक्याने मोर्चात पाय टाकला तर नोकरी जाते आणि सरळ विमानात बसवतात.

मी खुर्ची ओढून बसले. मान हलवत "येस सर, येस सर" म्हणाले आणि डोळे मिटून पेंगले. "धिस अवर मीटिंग."

ती बघत राहिली. "स्लीपिंग?"

"फुल स्लीपिंग."

ती हसली, पण तिने पुन्हा फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मी चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. मग मीही माझ्या मुलाला फोन लावून पाहिला. त्यानेही उचलला नाही, तेव्हा माझाही चहा तसाच राहिला.

दुपार कलल्यावर तिच्या नवऱ्याचा फोन आला. साहेबाने सगळ्यांचे फोन बाहेर ठेवायला लावले होते. ती त्याला रशियनमध्ये बोलली, ते शब्द कळले नाहीत, शिव्या कळल्या.

संध्याकाळी दोघे जेवायला काय आहे विचारत घरी आले. त्यांची मीटिंग नेहमीसारखी झाली होती. मोर्चाच्या धास्तीत दुपार काढली ती तिने आणि मी.