कापसाआडचं उत्तर

आज सर्वेवाली पोरगी आली. लेकीला एकटीलाच नशेपाण्याचे प्रश्न विचारायचे म्हणून तिनं मला अंगणात बसवलं. तिथं वाळत घातलेल्या कापसाचा वास आला आणि मी मनानं नेर गावाजवळच्या माहेरात पोचले.

मी लग्नाची झाले त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून तो घरातच आढ्यापर्यंत भरला होता. मला पाहायला पाहुणे आले, त्याच दिवशी सर्वेच्या ताई आल्या. गावातल्या त्याच तरुण पोरापोरींना दरवर्षी तेच प्रश्न विचारत, पण या ताई गावात नव्या होत्या. नवरदेवाला त्या आमच्याच घरचा समजल्या आणि कोणी ऐकू नये म्हणून कापसाच्या ढिगाआड घेऊन गेल्या. ढिगापलीकडे मी चहा गाळत होते.

"तंबाखूचा खर्रा खाता?"

"खातो जी. पण पोरीले सांगू नका, नाही म्हणंन."

"सोडावासा वाटतो?"

"थे लग्नाले हो म्हणंन तं आजच सोडतो."

मी चहा घेऊन गेले, तेव्हा ताईही पाहुण्यांजवळ बसल्या होत्या. त्याचे वडील म्हणाले, "पोरी, तुले काही विचारायचं असंन तं विचार."

चार माणसांत मी कधी बोलत नसे. पण त्याच्यासोबत जन्म माझा जायचा होता. कसंबसं म्हटलं, "खर्रा सोडसान ना?"

तो ताईंकडे पाहू लागला. त्या घाबरून म्हणाल्या, "मी नाही हो सांगितलं!"

तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आता आठवलं की एकटीच हसते. त्यानं खिशातली खर्र्याची पुडी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली. माझी मान खालीच होती. पाहते तर शेजारी दुसरी पुडी आली, त्याच्या वडिलांची.